बाळ आधी तुमचा चेहरा वाचतं

नवं खेळणं दिसलं की रांगतं बाळ आधी वळून आईकडे बघतं. पाहिलंय ना? ते तिचा चेहरा वाचत असतं!

यावरचा 1985 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. काचेचं टेबल, काचेखाली चौकटींचं कापड, मध्येच सुमारे 30 सेंटिमीटर खोल भासणारी पायरी. अलीकडे वर्षाचं बाळ, पलीकडे आई. तिनं बोलायचं नाही, फक्त चेहऱ्यावर भाव आणायचा. आई हसरी असताना 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. तिनं घाबरल्याचा चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. बोलता येण्याआधीची ही समज!

म्हणून बाळ धडपडून तुमच्याकडे बघेल, तेव्हा आधी स्वतःचा चेहरा शांत ठेवा.