युद्धकालीन नौदल प्रशिक्षण आणि मुंबईचा 'तलवार' तळ

फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या उठावाची सुरुवात युद्धनौकेवर झाली नाही. ती मुंबईत कुलाब्याच्या किनाऱ्यावरील 'तलवार' या प्रशिक्षण तळावर झाली. हा तपशील पाठ्यपुस्तकांत एखाद्या वाक्यात येऊन जातो. परंतु उठाव प्रशिक्षण तळावरच का सुरू झाला, याचे उत्तर युद्धकाळातील मनुष्यबळाच्या धोरणात दडलेले आहे.

२ ऑक्टोबर १९३४ रोजी 'रॉयल इंडियन मरीन'चे रूपांतर 'रॉयल इंडियन नेव्ही'मध्ये झाले, तेव्हा हे दल अगदीच लहान होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले त्या वेळी त्याच्याकडे मोजक्या नौका आणि दोन हजारांहून कमी अधिकारी व नाविक होते. भरतीचे क्षेत्रही मर्यादित होते. कोकणातील, विशेषतः रत्नागिरी भागातील, दर्यावर्दी मुस्लिम कुटुंबांतून पिढ्यानपिढ्या खलाशी येत. युद्धाने हे चित्र पालटले. अरबी समुद्रातील व्यापारी ताफ्यांचे संरक्षण आणि पुढे ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील मोहिमा यांसाठी दलाचा अनेक पटींनी विस्तार करण्यात आला. युद्धाच्या अखेरीस ही संख्या तीस हजारांच्या आसपास पोहोचली होती. बंगालपासून मद्रासपर्यंत सर्व प्रांतांतील तरुण दलात आले. त्यांतील अनेकांनी त्यापूर्वी समुद्र पाहिलाही नव्हता.

अशा तरुणांना अल्पावधीत नाविक बनविण्यासाठी प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभारावे लागले. कराचीच्या मनोरा बेटावर तोफखान्यासाठी 'हिमालय', रडारसाठी 'चमक' आणि किशोरवयीन उमेदवारांसाठी 'बहादूर' या संस्था होत्या. यांत्रिकी प्रशिक्षणासाठी फेब्रुवारी १९४५ मध्ये लोणावळ्यात 'शिवाजी' सुरू झाली. संदेशवहनाचे शिक्षण मात्र 'तलवार'वर दिले जाई. मोर्स लिपी, बिनतारी यंत्र, दिव्यांचे व ध्वजांचे संकेत, सांकेतिक भाषेतील मजकूर तयार करणे व उलगडणे हे तेथील विषय होते. कोळसा भरण्यास किंवा दोर ओढण्यास अक्षरओळख लागत नसे, पण इंग्रजीतील संदेश अचूक टिपण्यास ती अपरिहार्य होती. त्यामुळे येथे येणारा नाविक इतरांच्या तुलनेत शिकलेला आणि वृत्तपत्र वाचणारा असे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही मानवी भांडवलातील गुंतवणूक होती. मात्र तिच्या परताव्याचा विचार केवळ युद्ध संपेपर्यंतच झाला होता. ऑगस्ट १९४५ नंतर सैन्यकपात सुरू झाली आणि शिकवलेल्या कौशल्यांना नागरी जीवनात कोठे स्थान मिळणार, याविषयी ठोस योजना नव्हती. त्यातच निकृष्ट जेवण, ब्रिटिश नाविकांच्या तुलनेत अपुरे वेतन आणि वांशिक भेदभाव यांची भर पडली. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांनी वातावरण तापलेलेच होते. डिसेंबर १९४५ मध्ये नौदल दिनाच्या निमित्ताने 'तलवार'च्या भिंतींवर घोषणा रंगविल्या गेल्या. सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी, २ फेब्रुवारी १९४६ रोजी, अशाच प्रकरणात बी. सी. दत्त यांना अटक झाली. तळप्रमुख कमांडर किंग यांच्या अपमानास्पद भाषेविषयीच्या तक्रारींचीही दाद लागली नाही.

१८ फेब्रुवारी रोजी 'तलवार'वरील सुमारे ११०० नाविकांनी जेवण नाकारून संप पुकारला. येथे प्रशिक्षणाचे स्वरूप निर्णायक ठरले. संदेशवहन हेच ज्यांचे काम, त्यांचा संप तळाच्या भिंतींत कोंडून ठेवणे कठीण होते. दुसऱ्याच दिवशी तो बंदरातील नौकांवर व कॅसल बराकींत पसरला, त्यापाठोपाठ कराचीसह अन्य बंदरांत गेला. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदन सिंग उपाध्यक्ष असलेली मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली. त्यांच्या मागण्यांत जेवण व वेतनाबरोबर राजकीय कैद्यांची सुटकाही होती. एकूण ७८ नौका, २० किनारी संस्था आणि सुमारे २०,००० नाविक यांत सामील झाल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुंबईतील कामगारांनी २२ फेब्रुवारीला हरताळ पाळला. शहरातील गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नाविकांच्या तुलनेत ही हानी इतिहासलेखनात उपेक्षितच राहिली आहे. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला समितीने शरणागती पत्करली. संपात भाग घेतलेल्या शेकडो नाविकांना पुढे सेवेतून काढण्यात आले.

चौकशीसाठी न्या. सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. (१९५३ मधील राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्षही तेच होते.) सेवाविषयक गाऱ्हाण्यांकडे दीर्घकाळ झालेले दुर्लक्ष हे असंतोषाचे मूळ असून राजकीय परिस्थितीने तो तीव्र केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. उठावाला केवळ अन्नाचे भांडण किंवा केवळ स्वातंत्र्यसंग्राम ठरविणारी दोन्ही मते त्यामुळे अपुरी वाटतात.

१९४७ च्या फाळणीत कराचीच्या प्रशिक्षण संस्था पाकिस्तानकडे गेल्या. तोफखाना, रडार आणि किशोरवयीनांचे शिक्षण यांची व्यवस्था भारतीय नौदलाला नव्याने उभारावी लागली. त्यातून कोची आणि विशाखापट्टणम ही केंद्रे महत्त्वाची ठरली. संदेशवहनाचे शिक्षणही कोचीत विकसित झाले. लोणावळ्याची 'शिवाजी' भारताकडे राहिली आणि तेथे आजही नौदलाच्या अभियंत्यांना प्रशिक्षण दिले जाते.