कर्जत-खालापूरचे घर विकताय? परदेशस्थ ज्येष्ठांनी आधी हे गणित समजून घ्या!

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात अनेकांनी निवृत्तीनंतर राहायचे म्हणून बंगला किंवा फ्लॅट घेऊन ठेवला. पुढे मुले परदेशात स्थिरावली आणि आई-वडीलही नातवंडांपाशी गेले. आता घर बंद, पावसाळ्यात भिंतींना ओल आणि मेंटेनन्स मात्र सुरूच. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने 'विकायला हीच वेळ' असे अनेकांना वाटते. पण सौदा ठरल्यावर खरेदीदार लाखो रुपये कापून घेतो, तेव्हा धक्का बसतो. नेमका नियम काय आहे?

अनिवासी कोण?

पासपोर्ट कुठला यावर हे ठरत नाही. आर्थिक वर्षात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती करासाठी 'निवासी' ठरते. मुलांकडे राहून वर्षातून महिना-दोन महिने गावी येणारे ज्येष्ठ बहुतेक वेळा अनिवासी ठरतात. वयामुळे मिळणारी जादा करमुक्त मर्यादाही अनिवासींना लागू नाही.

कर किती?

घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल, तर नफा दीर्घकालीन धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे, पण महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची (इंडेक्सेशन) सोय नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा जुना पर्यायही आहे. अनिवासींना तो नाही.

उदाहरण पाहा

एका जोडप्याने २०१२-१३ मध्ये ३० लाखांना निम्म्या-निम्म्या मालकीचे घर घेतले आणि २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकले. इतर उत्पन्न आणि सवलती बाजूला ठेवू.

- अनिवासी असल्यास : नफा ५० लाख, कर ४ टक्के सेससह ६.५० लाख.
- निवासी असल्यास : निर्देशांक २०० वरून ३७६ झाल्याने खरेदी किंमत ५६.४० लाख धरता येते. नफा २३.६० लाख, कर सुमारे ४.९१ लाख.

टीडीएसची कात्री

विक्रेता निवासी असेल, तर ५० लाख आणि त्यावरील व्यवहारात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो, म्हणजे इथे ८० हजार. विक्रेता अनिवासी असेल, तर ५० लाखांची मर्यादा नाही. नफा किती हे खरेदीदाराला ठरवता येत नसल्याने सहसा पूर्ण किमतीवर १३ टक्के कापले जातात. या उदाहरणात ते १०.४० लाख होतात. जादा गेलेले ३.९० लाख विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतात. चुकून १ टक्काच कापला, तर उरलेल्या रकमेसाठी आयकर विभाग खरेदीदाराला जबाबदार धरतो.

मार्ग कोणते?

- विक्रीआधी आयकर विभागाकडे कमी टीडीएसच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. त्याला वेळ लागतो, त्यामुळे विसार घेण्यापूर्वीच तयारी हवी.
- सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी यांसारख्या संस्थांच्या करबचत रोख्यांत गुंतवणूक करा. मर्यादा प्रत्येकी ५० लाख, पैसे पाच वर्षे अडकतात.
- विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत दुसरे घर घ्या, अथवा तीन वर्षांत बांधा. घर भारतातच हवे. मुलाच्या गावी, न्यू जर्सीत घेतलेले चालत नाही.
- १ एप्रिल २००१ पूर्वीचे घर असेल, तर त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. मात्र ते त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नसावे.

वारशाने आलेल्या घरासाठी मूळ मालकाची खरेदी किंमत आणि मालकीचा काळ धरला जातो. त्यामुळे वडिलांच्या काळातले खरेदीखत जपून ठेवा.

पैसे परदेशी नेताना

विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात जमा होते. तिथून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. त्यासाठी बँक कर भरल्याचा पुरावा आणि सीएचे प्रमाणपत्र मागते. अमेरिकेत राहणाऱ्यांना हा नफा तिथल्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट तिथे घेता येते.

घाई करू नका

कायमचे परतण्याचा विचार असेल, तर विक्रीचे वर्ष जपून निवडा. वरच्या उदाहरणात निवासी झाल्यावर घर विकले, तर १.५९ लाखांचा कर वाचतो आणि टीडीएस १०.४० लाखांवरून ८० हजारांवर येतो. त्यामुळे एजंटला होकार देण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के पाहून भारतातले दिवस मोजा आणि सीएला भेटा.