घटक ४ : कलानिर्मिती आणि कलाविचार यांचा सहअभ्यास

४.१ प्रास्ताविक

चित्रकाराने कलेचा इतिहास आणि सिद्धान्त का अभ्यासावा, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. हात सरावाने तयार होत असेल, तर ग्रंथांची आवश्यकता काय? याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे : केवळ ग्रंथ वाचून चित्र समजते का? आपल्यापैकी काही जण गणेशमूर्ती घडवत असतील, काही शाळेत चित्रकला शिकवत असतील. काहींनी मात्र शालेय वयानंतर कुंचला हाती घेतला नसेल. या सर्वांसाठी हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. निर्मिती आणि विचार परस्परांना काय देतात, हे प्रस्तुत घटकात तीन उदाहरणांच्या आधारे पाहू.

४.२ परंपरेतील भूमिका

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्तिनिर्मितीविषयी विचारतो. चित्रसूत्र जाणल्याखेरीज मूर्तिलक्षण कळणार नाही, असे ऋषी सांगतात. पुढे चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत जाणणे आवश्यक ठरते. वरवर पाहता ही केवळ विषयांची साखळी वाटेल. परंतु तिच्यामागील कारण व्यवहारातले आहे. शरीराचा तोल कोठे जातो, हात कोणत्या भावाने वळतो, हे नृत्य शिकवते. ते न जाणणाऱ्याची आकृती ताठर होण्याचा संभव असतो. येथे ज्ञान आणि कौशल्य यांच्यात भिंत नाही.

४.३ निर्मितीतून इतिहासाकडे : अजिंठा

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ मध्ये झाली. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ पासून पुढे सुमारे तेरा वर्षांच्या काळात विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. रेषेमागून रेषा काढताना जुन्या चित्रकाराने आकृती कशी रचली, रंग कोणत्या क्रमाने दिले, हे त्यांना जवळून पाहता आले. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी पुष्कळ प्रती १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. तरीही ज्या उरल्या, त्या आज महत्त्वाचा पुरावा ठरतात. कारण मूळ चित्रांचे काही भाग त्यानंतर झिजले आहेत. हाताच्या कामाने इतिहासाला दिलेली ही देणगी होय.

या प्रयत्नाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकातील प्रतिकारांनी त्यांवर वार्निश लावले. कालांतराने ते पिवळे पडले आणि चित्रांना अपाय झाला. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर रंगवलेली आहेत. अशा पृष्ठभागावर कोणता लेप टिकेल आणि कोणता घातक ठरेल, याचे पुरेसे ज्ञान त्या वेळी नव्हते. हेतू जतनाचा व अभ्यासाचा होता, हात कुशल होते. तरी हानी टळली नाही. साधने आणि तंत्रे यांचा इतिहास का शिकावा, याचे हे उत्तर आहे.

४.४ इतिहासातून निर्मितीकडे : बडोदे

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू झाली. इंदूरमध्ये जन्मलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे चित्रकलेचे अध्यापन केले. या विद्याशाखेत चित्र, शिल्प यांच्याबरोबरीने कलेतिहासालाही स्थान मिळाले. गुलाममोहम्मद शेख तेथे चित्रकला शिकले, अनेक वर्षे कलेतिहास शिकवत राहिले आणि नंतर चित्रकलेचे प्राध्यापक झाले.

मुघल व राजस्थानी लघुचित्रांत एकाच चौकटीत अनेक स्थळे आणि प्रसंग एकत्र येतात. पाहणाऱ्याची नजर एका बिंदूशी बांधलेली नसते. शेख यांनी १९८१ ते १९८४ या काळात रंगवलेल्या ‘सिटी फॉर सेल’ या भव्य चित्रात बडोदे शहरातील बाजार, चित्रपटगृह आणि दंगल एकाच वेळी घडताना दिसतात. ही लघुचित्राची नक्कल नाही. आपल्या शहराचे दुभंगलेले वास्तव एका नजरेच्या चौकटीत मावत नव्हते. जुन्या चित्रांच्या अभ्यासाने त्यासाठी दुसरी रचना उपलब्ध करून दिली. इतिहास काय रंगवावे हे सांगत नाही; तो पर्याय वाढवतो.

४.५ सिद्धान्ताच्या मर्यादा

बा. सी. मर्ढेकर यांनी कविता लिहिली आणि सौंदर्यविचारही मांडला. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वे आपल्या परिचयाची आहेत. परंतु ‘या चित्रात समतोल आहे’ एवढे लिहिल्याने चित्राविषयी काहीच सांगितले जात नाही. डावीकडील गडद, लहान आकार उजवीकडील फिक्या, मोठ्या आकाराला तोलून धरतो, असे दाखवता आले तरच ती संज्ञा सार्थ होते. चित्राकडे परत न नेणारी संज्ञा केवळ पाठ केलेली असते. चित्रकार प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक या दृष्टीने जरूर वाचावे. चित्र घडत असताना सुचणारा विचार त्यात शब्दबद्ध झाला आहे.

४.६ सारांश

निर्मिती अभ्यासकाला बारकाईने पाहायला शिकवते. इतिहास कलावंतापुढे पर्याय ठेवतो आणि त्याला साधनांची जाण देतो. सिद्धान्त अनुभवाला भाषा देतो. यांपैकी एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही. ज्यांच्या हाती एखादी कला आधीपासून आहे, त्यांनी तिला अभ्यासाबाहेरची गोष्ट मानू नये. ते ज्ञानच आहे, मात्र ते तपासून शब्दांत मांडावे लागते.

स्वाध्याय

१. अजिंठ्याच्या प्रतींच्या उदाहरणातून निर्मिती व ज्ञान यांचा कोणता संबंध स्पष्ट होतो?
२. ‘इतिहास पर्याय वाढवतो’ या विधानाची चर्चा करा.
३. आपल्या परिसरातील एखादे चित्र, मूर्ती किंवा रांगोळी निवडा. तिचे साधे रेखाटन करा. रेखाटताना प्रथमच लक्षात आलेल्या तीन गोष्टी लिहा आणि त्यांपैकी एकीचे स्पष्टीकरण या घटकातील एखाद्या संकल्पनेच्या आधारे द्या.