आग पायांची, ताण मेंदूवर

‘पायांची आग होता, रातभर झोप येणा नाय.’ मधुमेह जुना झाला की मालवण-वेंगुर्ल्याकडच्या घरांतून ही तक्रार हमखास ऐकू येते. चिडचिड वाढल्याचं आणि सांगितलेलं लक्षात राहत नसल्याचं घरचे सांगतात. चिडचिडीचं खापर स्वभावावर फुटतं, विसरण्याचं वयावर. पण या तक्रारींच्या मुळाशी मज्जातंतूंची वेदना असू शकते. म्हणून त्यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

निरोगी मज्जातंतू इजा झाली तरच दुखण्याचा संदेश पाठवतो. वाढलेली साखर, नागिणीचा विषाणू किंवा सरकलेल्या मणक्याचा दाब यांनी तो बिघडला, की कारण नसतानाही संदेश जाऊ लागतात. हळूहळू मज्जारज्जूही हळवा होतो आणि चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. अशा वेळी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलॉक्सेटिन ही औषधं मुळात नैराश्यावरची आहेत. वेदना आवरणाऱ्या आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या यंत्रणांत सेरोटोनिन, नॉरएड्रेनॅलिन ही रसायनं सामायिक असल्याने ही औषधं दोन्हीकडे उपयोगी पडतात.

स्मृतीचंही वेदनेशी असंच नातं दिसतं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या वानिया अपकारियन यांच्या गटाने 2012 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे मेंदू तपासले. आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांच्यात लहान आढळला. याच अभ्यासात मज्जातंतूला इजा केलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी कमी तयार होत होत्या.

औषधांखेरीज काही रुग्ण ॲक्युपंक्चर या सुया टोचण्याच्या चिनी उपचाराकडे वळतात. त्याची केसासारखी बारीक सुई या वेदनेत काय करते? बीजिंगचे हान जिशेंग यांनी 1965 पासून याचाच शोध घेतला. सुईतून सेकंदाला 2 वेळा सौम्य विद्युतस्पंदन दिलं तर शरीरात एन्केफॅलिन आणि एंडॉर्फिन, 100 वेळा दिलं तर डायनॉर्फिन ही अफूसारखी वेदनाशामक रसायनं प्रामुख्याने स्रवतात, असं त्यांना दिसलं. 2010 मध्ये मायकेन नेदरगार्ड यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने उंदराच्या गुडघ्याखालच्या ‘झूसानली’ या ॲक्युपंक्चर-बिंदूत सुई खुपसून फिरवली. सुईभोवती ॲडिनोसिन वाढलं आणि वेदना उतरली. ॲडिनोसिनचा संबंधित ग्राही (रिसेप्टर) नसलेल्या उंदरांना मात्र काहीच फरक पडला नाही.

या उपचाराशी सिंधुदुर्गचं दूरचं नातं आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांच्या घराण्याची मुळं सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात. ते शल्यचिकित्सक होते आणि 1942 मध्ये चीनमध्येच वारले. त्यांचे सहकारी बिजॉयकुमार बसू पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात रुजवलं.

माणसांवरचा पुरावा मात्र नीट तोलून घ्यायला हवा. जर्मनीत 1,162 कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2007 मध्ये आले. खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्क्यांना, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्क्यांना, तर नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना गुण आला. म्हणजे सुयांनी आराम पडतो, पण बिंदू नेमका कोणता याने फारसं बिघडत नाही. मज्जातंतूंच्या वेदनेपुरतं बोलायचं, तर वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2017 च्या आढाव्याला 462 रुग्णांचे सहाच अभ्यास मिळाले. त्यांवरून होकार किंवा नकार देता आला नाही. वेदना कमी होऊन झोप लागली तर मन आणि लक्ष सुधारण्याची आशा ठेवता येते. सुईने स्मृती परत येते असं म्हणायला मात्र पुरेसा आधार नाही.

म्हणून आधी मूळ कारण शोधावं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनेही मुंग्या, उदासी, विसरभोळेपणा येतो. ते एका रक्ततपासणीत कळतं आणि भरूनही काढता येतं. वेदनेवरच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, विसरायला होतं. डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलून घ्यावी. बधिर पायांनी तापलेल्या वाळूत अनवाणी चालू नये, फोड आला तरी कळत नाही. सुया घ्यायच्याच, तर दर वेळी त्या नव्या, निर्जंतुक असाव्यात आणि नोंदणीकृत उपचारकाकडून घ्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. साखरेची औषधं बंद करू नयेत.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा केला, हे चांगलंच झालं. पण मान्यता मिळाली म्हणजे गुण सिद्ध झाला असं नाही. आपल्याच रुग्णांची वेदना, झोप, मनःस्थिती आणि स्मृती एकत्र मोजणाऱ्या चाचण्या इथे व्हायला हव्यात. आशेपोटी पदरचे पैसे मोजणाऱ्या रुग्णाला खरं उत्तर मिळण्याचा हक्क आहे.