मुलींनी कुस्ती खेळावी का?

जत्रा आली की आपल्या नगर जिल्ह्यात गावोगाव कुस्त्यांचा हगामा भरतो. हलगी वाजते. लहान पोरं रेवड्यांवर कुस्ती खेळतात. मोठे पहिलवान इनामासाठी लढतात. पूर्वी बाया हे सारं माळवदावरून पाहायच्या. ‘आखाडा ही काही बायकांची जागा नव्हे,’ असंच सारे म्हणायचे.

आता ऐका. आपल्याच जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुक्यातली एक मुलगी कुस्ती शिकली. तिचं नाव भाग्यश्री फंड. जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यात देवळी येथे महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. शेवटच्या कुस्तीत तिने कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवले. नगरची लेक महाराष्ट्र केसरी झाली!

पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची पहिली स्पर्धा झाली २०२३ साली, सांगलीला. मध्ये ६२ वर्षे गेली. जगातही तेच. ऑलिंपिकच्या खेळांत पुरुषांची कुस्ती १८९६ साली होती. बायकांची कुस्ती २००४ साली आली. पुढे बाराच वर्षांनी, २०१६ साली, हरियाणाच्या साक्षी मलिकने तिथे आपल्या देशासाठी पदक मिळवले.

मग इतकी वर्षे मुलींच्या अंगात ताकद नव्हती का? होती. पण त्यांना आखाड्यात कोणी येऊच दिले नाही.

आजही मुलींना काय आडवं येतं? आपल्याच घरात पाहा. शाळा सुटते. मुलगा दप्तर टाकतो आणि मैदानावर पळतो. मुलगी दप्तर ठेवते आणि हंडा उचलते. मग भांडी, मग धाकटं भावंड. खेळायला वेळ उरतो कुठे?

आई म्हणते, “पोर दिवसभर राबतीच की! तिला आणिक व्यायाम कशाला?”

बाई, काम वेगळं आणि व्यायाम वेगळा. डोक्यावरच्या हंड्याने मान आणि पाठ भरून येते. व्यायामात हात, पाय, छाती, पाठ साऱ्यांना चालना मिळते. दम वाढतो. वाढत्या वयात धावणं, उड्या मारणं झालं तर हाडं घट्ट होतात. ती पुढे म्हातारपणीही उपयोगी पडतात.

पण नुसत्या व्यायामाने भागत नाही. पोटाला हवं. भावाला दूध-अंडं आणि बहिणीला उरलंसुरलं, असं करू नका. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे दोघांनाही पोटभर द्या. अंगात रक्त कमी असलं तर मुलगी लवकर दमते. तिला दवाखान्यात दाखवा.

कोणी म्हणतं, “कुस्ती खेळली तर पुढं मूल व्हायचं नाही.” ही भीती खोटी आहे. खेळणाऱ्या कितीतरी बाया आई झाल्या आहेत. पाळीच्या दिवसांतही झेपेल तेवढं खेळायला हरकत नाही. फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी.

कोणी म्हणतं, “हात-पाय मोडला तर लगीन कसं व्हायचं?” मार तर मुलांनाही लागतो. म्हणून आपण त्यांची तालीम बंद करतो का? चांगला वस्ताद आधी पडायचं कसं ते शिकवतो, मग डाव शिकवतो. आणि लग्नाची घाई कशाला? अठराच्या आत मुलीचं लग्न करणं हा गुन्हा आहे.

गावाने थोडं मनावर घ्यावं. शाळेतला खेळाचा तास मुलींनाही पुरता मिळावा. तालमीत मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. कपडे बदलायला खोली आणि संडास असावा. शिकवताना एखादी जाणती बाई तिथे हजर असावी. अंधार पडायच्या आत मुली घरी पोचतील असं पाहावं.

आणि घरात? संध्याकाळी एक तास हंडा भावाने उचलावा. तेवढा वेळ बहिणीला मैदानावर जाऊ द्या.

पुढच्या जत्रेत रेवड्यांची कुस्ती लागेल. तेव्हा तुमची लेक कुठे असेल? माळवदावर, की मातीत?