सातबारा जे सांगत नाही

मुळशी तालुक्यातलं लवळे आज दोन उंचींवर वसलेलं आहे. टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाचा परिसर. त्याच शिवारात फ्लेम विद्यापीठ. देशभरातून आलेली हजारो मुलं इथे शिकतात. खाली जुनं गाव, देवळं, गोठे आणि उरलेली भातखाचरं. सूस, नांदे, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही आसपासची गावं २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. पिरंगुटकडून या किंवा सूस-नांद्याकडून, रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगचे फलक दिसतात. एका पिढीच्या डोळ्यांदेखत शेतीचं गाव शहराच्या वेशीवरचं गाव झालं.

या बदलाची सरकारी नोंद चोख आहे. कोणत्या गटाचा मालक कधी बदलला, ते फेरफारावर आहे. किती गुंठे गेले, किती उरले, ते सातबाऱ्यावर आहे. पण जमीन का विकली? मुलीचं लग्न होतं, की दवाखान्याचा खर्च? भावाभावांत वाटणी झाली आणि एकट्याला कसणं परवडेना? की शेजारच्यांनी विकल्यावर मध्ये अडकलेल्या तुकड्याला वाट राहिली नाही? सह्या झाल्या त्या रात्री घरात काय बोलणं झालं, आणि त्या बोलण्यात घरातल्या बाईला कोणी विचारलं का? हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ते फक्त माणसांपाशी आहे आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

हक्कसोडपत्राचंच घ्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायदा दुरुस्त केला आणि तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क देशभरच्या मुलींना मिळाला. शहरालगतच्या जमिनींचे भाव चढत होते तेही याच काळात. या हक्काबरोबरच बहिणींपुढे हक्कसोडपत्राचे कागदही येत राहिले. कागद सांगतो की बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला. माहेर तुटू नये, भावाने दिवाळीला न्यायला यावं, म्हातारपणी एक दार उघडं राहावं, हा हिशेब त्या ‘राजीखुशी’त किती होता, ते फक्त तीच सांगू शकते. महाराष्ट्रातल्या जमिनीचा इतिहास लिहायचा, तर तिचं म्हणणं हा त्यातला पहिल्या दर्जाचा पुरावा आहे.

मुळशीने एकदा गमावलेली संधी

साधनं हाताशी असताना साक्षी गोळा केल्या नाहीत तर काय होतं, हे या तालुक्याइतकं दुसऱ्या कोणाला कळू नये. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी होणाऱ्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी त्या दिवशी सत्याग्रह सुरू केला. नेतृत्व पुढे सेनापती बापटांकडे आलं, विनायकराव भुस्कुटे आघाडीवर होते. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झालं, पन्नासच्या आसपास गावांना पाण्याची झळ बसली आणि त्या पाण्यावर झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला. २००९ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचं शीर्षकच मुळशीला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हणतं.

तो इतिहास उभा राहिला, कारण वर्तमानपत्रं होती, सरकारी अहवाल होते, पुढाऱ्यांचं लिखाण होतं. पण ज्या बाईचं चूलखण पाण्याखाली गेलं, जिला भरल्या घरातून भांडी डोक्यावर घेऊन निघावं लागलं, ती त्या कागदांत बोलताना क्वचितच भेटते. १९२१ मध्ये वीस वर्षांचं असलेलं माणूस आज भेटणं शक्य नाही. तो दरवाजा कायमचा बंद झाला.

त्या विजेवर चाललेल्या गिरण्यांची गोष्ट मात्र वेळेवर ऐकली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी टोलेजंग इमारती येऊ लागल्या, तेव्हा नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. कामगार, त्यांच्या घरातल्या बाया, कार्यकर्ते, कलावंत अशा सुमारे शंभर जणांचे आवाज २००४ साली इंग्रजी पुस्तकात आले. आज लालबाग-परळविषयी लिहिणाऱ्याला ते पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. दोन दशकांचा उशीर झाला असता, तर यातलं किती हाती लागलं असतं?

जात्यापाशी बसलेले संशोधक

मुळशी तालुक्यातच या कामाचं एक मोठं उदाहरण घडलं आहे. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले, पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगराळ भागातल्या गरिबांबरोबर अनेक वर्षं काम केलं. गरीब डोंगरी संघटनेच्या या कामात त्यांना बायांच्या ओठांवर एक अफाट साठा सापडला. तो होता जात्यावरच्या ओव्यांचा. पुण्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्राने हजाराहून जास्त गावांत फिरून तीन हजारांवर बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांतले अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. मुळशीतली नांदगाव, कोळवडे अशी गावं या संग्रहात आहेत. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. संग्रह धूळ खात पडला नाही. २०१७ पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, तो लोकांपुढे आणत आहे आणि जुन्या गायिकांना पुन्हा भेटून त्यांची आयुष्यंही नोंदवत आहे.

हे काम आठवणी नोंदवणाऱ्यांनी बारकाईने पाहावं, कारण बोलायची जागा ठरवण्याचं शहाणपण त्यात आहे. पहाटे, घर झोपेत असताना बाई जात्यापाशी बसायची. डाव्या-उजव्या हाताने खुंटा फिरवत, मुठीने वैरण घालत ती सासूचा जाच, आईची माया, भावाची वाट, नवऱ्याचं वागणं, पोरीच्या जन्माचं दुःख ओवीत मांडायची. दिवसा ज्या तोंडाला बोलायची मुभा नव्हती, ते तोंड जात्यापाशी मोकळं व्हायचं. समोर दुसरी बाई असली की एकीच्या ओवीला दुसरी जोड द्यायची. विजेच्या पिठाच्या गिरण्या आल्या, बायांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर ती जागाही गेली. खुर्चीवर बसवून, समोर माइक ठेवून ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं की जी आजी गप्प होते, तीच निवडायचं सूप हातात असताना तासभर बोलते. हात कामात असले की आठवणीही सुटतात.

कागद नसलेल्यांचा इतिहास

महाराष्ट्राला इतिहास जमवायची हौस जुनी आहे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरले, माळ्यांवरची दप्तरं उतरवली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्या तपश्चर्येवर आपला बराच इतिहास उभा आहे. पण दप्तर कोणाच्या घरी असतं? देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या, सरदाराच्या. बलुतेदाराच्या, कुळाच्या, मजुराच्या घरी दप्तर नसतं. त्यातही बाईच्या नावाचा कागद तर शोधूनही मिळत नाही.

ही उणीव ओळखून साने गुरुजींनी बायांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं. सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याला अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. पुढचं पाऊल उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी टाकलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत वावरलेल्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिलं. सभांना जाणाऱ्या, वसतिगृहं चालवणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, परिषदांमध्ये ठराव मांडणाऱ्या या बाया तोवर पुरुषांच्या चरित्रांत ‘उपस्थित महिला’ म्हणून उरल्या होत्या. नंदिनी ओझा यांनी नर्मदा खोऱ्यातल्या धरणविरोधी लढ्याबाबत हेच केलं. केशवभाऊ आणि केवलसिंग या आदिवासी पुढाऱ्यांच्या मुलाखतींचं त्यांचं ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. ज्यांनी धरणाला तोंड दिलं, त्यांच्या तोंडून धरणाचा इतिहास ऐकायची संधी त्याने मराठी वाचकाला मिळाली. मुळशीला जी मिळाली नव्हती, ती.

आठवण चुकते तेव्हा

या साऱ्यावर एक आक्षेप नेहमी येतो. म्हातारी माणसं विसरतात, घोटाळा करतात, स्वतःला मोठं करतात. मग त्यांच्या बोलण्यावर भरवसा कसा ठेवायचा? याचं उत्तर इटलीत मिळतं. तेर्नी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या हातून मारला गेला. इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी गावात मुलाखती घेतल्या तेव्हा कित्येकांनी त्याचा मृत्यू १९५३ सालात नेऊन ठेवला. त्या वर्षी कारखान्यातून मोठी कामगार कपात झाली होती. पोर्तेल्लींनी ही चूक खोडली नाही, वाचली. साथीदार मारला गेला तेव्हा आपण काही करू शकलो नाही, ही बोच कामगारांना सहन होत नव्हती. रस्त्यावर उतरून झुंज दिली त्या वर्षात तो मृत्यू नेला की त्याला अर्थ येत होता. तारखेचा पुरावा कागदात होताच. त्या मृत्यूने गावाचं काय झालं, हे चुकलेल्या आठवणीने सांगितलं.

लवळ्यातही असं होईल. जमीन ‘फुकट गेली’ असं सांगणाऱ्याच्या खरेदीखतावर बरी किंमत असेल. तेव्हा कागदही पाहावा आणि माणसाचं म्हणणंही पूर्ण लिहून घ्यावं. दोहोंत पडलेलं अंतर हाच अभ्यासाचा विषय आहे.

लवळ्यात काय विचारावं

गावातल्या जुन्या माणसांना सन-तारीख विचारण्यात अर्थ नसतो. जन्मतारीख शाळेत गुरुजींनी टाकलेली असते. त्यांचं पंचांग वेगळं आहे. ‘पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होता, आजी?’ म्हटलं की १२ जुलै १९६१ हा खुंटा मिळतो. ‘बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालेलं का?’ म्हटलं की मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं ओघाने येतात. ‘गिरणीचा संप झाला तेव्हा गावी कोण परत आलं?’ हा प्रश्न मुळशीच्या घरात मुंबईची खोलीच उघडतो. मुळशी-मावळातल्या किती कुटुंबांचा एक पाय मुंबईत, डब्याच्या धंद्यात किंवा हमालीत असायचा.

मतं विचारू नयेत, काम विचारावं. ‘पूर्वीचं गाव चांगलं होतं का?’ याला ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी राब कसा भाजायचे ते विचारावं. उन्हाळ्यात रोपाच्या वाफ्यावर शेण, टहाळे, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि आग सावकाश धुमसावी म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. पावसाळ्यात त्याच वाफ्यातली रोपं उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायची. आता एकेक दुवा ओढावा. टहाळे कोणाच्या रानातून आणायचे? जंगल खात्याचा माणूस अडवायचा का? मोळी डोक्यावर कोण वाहायचं? लावणीला इर्जिक असायची, म्हणजे सगळे मिळून एकाच्या शेतात राबायचे, तेव्हा जेवायला कोण कुठे बसायचं? कोणाला पानात वाढायचे, कोणाला वरून? राबाच्या चौकशीतून जंगल कायदा निघतो, बाईचे कष्ट निघतात आणि जातही निघते. ‘गाव तसं गुण्यागोविंदाने नांदायचं’ असं सांगणाऱ्या घरानंतर गावकुसाबाहेरच्या वस्तीत जाऊन हाच प्रश्न विचारलाच पाहिजे. एका आळीच्या आठवणींना गावाचा इतिहास म्हणता येत नाही.

मुलाखतीला एकटं जाऊ नये, पण घोळकाही नको. घरातला मुलगा ‘आई, तुला काय कळतंय, मी सांगतो’ म्हणत मध्ये पडणारच. त्याचं म्हणणं आदराने, पण वेगळ्या बैठकीत घ्यावं. आजी ‘आमचं कसलं आयुष्य, काय सांगायचं त्यात’ म्हणाल्या की उठून यायचं नाही. ते संकोचाचं वाक्य आहे, त्याला नकार समजू नये. उतारा काढताना त्यांची बोली ‘शुद्ध’ करू नये. ‘गेल्तो’ म्हणाले असतील तर ‘गेल्तो’च लिहावं.

परत द्यायची जबाबदारी

जमिनीच्या गोष्टींत आजही कोर्टात चालू असलेले वाद दडलेले असतात. म्हणून मुलाखतीआधी हेतू समजावून परवानगी घ्यावी. मुलाखत झाल्यावर ध्वनिमुद्रण ऐकवून पुन्हा विचारावं, कारण बोलण्याच्या भरात निघून गेलेलं वाक्य बाईला दुसऱ्या दिवशी महागात पडू शकतं. ‘हे माझ्या मागे वाचा’ म्हणाली तर तो भाग कुलपात राहिला पाहिजे. इथे संशोधकाच्या कुतूहलापेक्षा सांगणारीचा शब्द मोठा.

साधनांची आता अडचण नाही. मोबाइल पुरतो, पंखा बंद करावा, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात. तोटा आहे तो ठरवून बसण्याचा. टेकडीवरच्या विद्यार्थ्यांकडे वेळ, यंत्रं आणि शिक्षक आहेत. गावातल्या मुलांकडे बोली, नाती आणि घराघरांत जायची मुभा आहे. दोघांच्या जोड्या लावल्या तर एका वर्षात लवळ्याचा असा इतिहास उभा राहील, जो एकट्या विद्यापीठालाही जमणार नाही आणि एकट्या गावालाही. त्याची एक प्रत विद्यापीठाच्या संग्रहात राहू द्या. दुसरी ग्रामपंचायतीत किंवा गावच्या वाचनालयात असावी, ज्यांचं आयुष्य त्यात आहे त्यांच्या नातवंडांना मागितल्याबरोबर मिळेल अशी.

यंदाची भातकापणी उरकली की घरांत जरा उसंत असते. १९७२ मध्ये वीस वर्षांची असलेली लवळ्यातली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. तिला राब माहीत आहे, दुष्काळ माहीत आहे, जमीन विकली त्या रात्रीचं बोलणं माहीत आहे. मुळशीच्या धरणग्रस्तांच्या बाबतीत जे राहून गेलं, ते तिच्या बाबतीत राहू द्यायचं नसेल, तर तिच्याकडे याच हिवाळ्यात जायला हवं.