वीज आणि सूर (लेखांक ६) : जो झाविनुल – अकॉर्डियनपासून आर्पपर्यंत

गेल्या आठवड्यात आपण मूगचा सिंथेसायझर प्रयोगशाळेतून बाहेर कसा पडला ते पाहिले. यंत्र बाजारात आले, पण त्यावर वाजवायचे काय, हा प्रश्न तसाच राहिला होता. कुणी त्यावर बाख वाजवला, कुणी जाहिरातींसाठी चमत्कारिक आवाज काढले. या यंत्रातून स्वतःचा, ओळखू येईल असा आवाज काढणारे वादक मोजकेच निघाले. त्यांत मी जो झाविनुलला सर्वांत वर ठेवतो. हर्बी हॅन्कॉक त्याच्याहून चपळ होता, चिक कोरियाची बोटे अधिक लखलखीत होती. पण नादाचा पोत हाच संगीताचा आशय होऊ शकतो, हे झाविनुलइतके स्पष्टपणे दुसऱ्या कुणी सिद्ध केले, असे मला वाटत नाही.

योझेफ एरिख झाविनुलचा जन्म ७ जुलै १९३२ रोजी व्हिएन्नाच्या एर्डबर्ग भागातला. घर कामगारवर्गातले. हातात पहिले वाद्य आले ते अकॉर्डियन. आपली पेटी आणि अकॉर्डियन एकाच घराण्यातली वाद्ये आहेत: भात्याने हवा भरायची आणि ती धातूच्या पात्यांवरून जाऊ द्यायची. लहानग्या योझेफला आपल्या अकॉर्डियनचा आवाज पुरेसा गोड वाटेना. त्याने बिलियर्डच्या टेबलावरच्या हिरव्या बनातीचा तुकडा मिळवला आणि वाद्याच्या अंगाला चिकटवला. आवाज बदलला, मऊ झाला. पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या ढिगाऱ्यात बसून त्याने जे केले त्याचे मूळ या बनातीच्या तुकड्यात आहे. वाद्य जसे मिळाले तसे वाजवायचे नाही, आधी त्याचा आवाज आपला करून घ्यायचा.

महायुद्धात व्हिएन्नावर बॉम्ब पडू लागले, तेव्हा त्याला इतर विद्यार्थ्यांबरोबर चेक प्रदेशात हलवण्यात आले. जॅझची पहिली ओळख याच काळातली. युद्ध संपल्यावर ‘स्टॉर्मी वेदर’ हा कृष्णवर्णीय कलाकारांचा अमेरिकी चित्रपट त्याने पुन्हा पुन्हा पाहिला आणि या लोकांबरोबर वाजवायचे हे मनाशी ठरवून टाकले. अमेरिकी सैनिकांच्या क्लबांत, फ्रीडरिश गुल्डासारख्या थोर पियानोवादकाच्या सहवासात त्याचा हात तयार झाला. १९५९ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो अमेरिकेला पोहोचला. विद्यालयात तो काही आठवडेच टिकला, कारण ट्रंपेटवादक मेनार्ड फर्ग्युसनच्या बँडने त्याला उचलले. मग गायिका डायना वॉशिंग्टनची साथ, आणि १९६१ पासून जवळजवळ दशकभर सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा बँड. दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेदाचे कायदे जिवंत असतानाचा हा काळ. तेव्हा एका गोऱ्या युरोपियनाने कृष्णवर्णीयांच्या बँडमध्ये पियानोवर बसणे आणि ब्लूज, गॉस्पेल त्यांच्याइतक्याच अधिकाराने वाजवणे ही साधी गोष्ट नव्हती.

विजेवर चालणाऱ्या वाद्याशी त्याची गाठ या फिरतीतच पडली. डायना वॉशिंग्टनचे दौरे गायक-पियानोवादक रे चार्ल्सबरोबर होत, आणि रे चार्ल्सकडे वुर्लिट्झर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो होता. या पियानोत तारा नसतात. पट्टी दाबली की छोटा हातोडा पोलादी पातीवर आपटतो, आणि पातीच्या कंपनाचे विजेच्या लहरीत रूपांतर होऊन ती स्पीकरकडे जाते. म्हणजे अकॉर्डियनच्या पोरासमोर पुन्हा पातीच आली, फक्त हवेच्या जागी हातोडा. १९६६ मध्ये झाविनुलने अ‍ॅडर्लीच्या बँडसाठी ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ ही धून रचली आणि ती वुर्लिट्झरवर वाजवली. रेकॉर्डच्या वेष्टनावर शिकागोतल्या क्लबचे नाव आहे, पण ध्वनिमुद्रण झाले हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत, बोलावून आणलेल्या श्रोत्यांसमोर. शब्द नसलेली ही जॅझ धून बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत चढली. पियानोवर हीच धून वाजवली तर ती बरी वाटते. वुर्लिट्झरच्या किंचित खरखरीत, घशातून आल्यासारख्या आवाजात ती चर्चमधली प्रार्थना होते.

इथून पुढची कथा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या दाराशी जाते. व्हिएन्नाला सुट्टीसाठी गेला असताना झाविनुलने लहानपणी गुरे राखल्याच्या आठवणीतून एक धून लिहिली, ‘इन अ सायलेंट वे’. फेब्रुवारी १९६९ मध्ये माइल्सने ती ध्वनिमुद्रित केली. त्या खोलीत तीन की-बोर्डवादक होते, हॅन्कॉक, कोरिया आणि झाविनुल, आणि गिटारवर नुकताच इंग्लंडहून आलेला जॉन मॅक्लॉफ्लिन. झाविनुलने धुनीखाली बदलत जाणाऱ्या कॉर्ड लिहून आणल्या होत्या. माइल्सने त्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि एकच खर्ज धरून ठेवायला सांगितले. आपल्या कानांना तानपुऱ्याची सवय असल्यामुळे त्यात काय घडले हे चटकन कळते: आधारस्वर स्थिर झाला आणि धून त्याच्यावर श्वास घेऊ लागली. झाविनुलला तेव्हा हे पसंत पडले नाही. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच्या ‘झाविनुल’ या अल्बमसाठी मूळ कॉर्डसह तीच रचना पुन्हा वाजवली. मी दोन्ही अनेकदा ऐकल्या आहेत, आणि माझा कौल माइल्सच्या बाजूने आहे. गंमत अशी की झाविनुलचे पुढचे सर्वोत्तम काम माइल्सने शिकवलेल्या या काटकसरीवरच उभे आहे.

माइल्सच्या कायमच्या बँडमध्ये मात्र तो गेला नाही. १९७० च्या अखेरीस सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि बेसवादक मिरोस्लाव्ह विटूश यांच्याबरोबर त्याने ‘वेदर रिपोर्ट’ हा स्वतःचा बँड काढला. पुढची पंधरा वर्षे जॅझ फ्यूजन म्हटले की हे नाव आधी घेतले जाई. एकाने मुख्य वाजवायचे आणि बाकीच्यांनी साथ करायची, ही जॅझची रूढ मांडणी त्यांनी मोडली. इथे सगळेच सतत सोलो वाजवतात आणि कुणीच सोलो वाजवत नाही, अशा अर्थाचे झाविनुलचे बोलणे प्रसिद्ध आहे.

१९७१ मधल्या पहिल्या अल्बमची सुरुवात ‘मिल्की वे’ या छोट्या तुकड्याने होते. ऐकणाऱ्याला वाटते की हा सिंथेसायझर आहे. पण तिथे सिंथेसायझर नाहीच. झाविनुलने ग्रँड पियानोच्या काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरल्या, त्यामुळे तेवढ्या तारा मोकळ्या झाल्या. शॉर्टरने पियानोच्या पोटात सॅक्सोफोन फुंकला आणि त्या सुरांनी मोकळ्या तारा आपोआप घुमू लागल्या. सतारीच्या तरफा ज्या तत्त्वावर झंकारतात तेच हे तत्त्व. इलेक्ट्रॉनिक वाद्याकडे वळणाऱ्या माणसाने आधी लाकूड, तार आणि हवा यांतून किती नवा नाद काढता येतो हे तपासून पाहिले होते.

मग आले आर्प २६००. अ‍ॅलन पर्लमन यांच्या कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या या सिंथेसायझरची रचना थोडक्यात समजून घेऊ. आत तीन ऑसिलेटर असतात. ते विजेची आंदोलने तयार करतात, म्हणजे कच्चा सूर देतात. हा कच्चा सूर कर्कश असतो. फिल्टर त्यातले वरचे उपस्वर हवे तेवढे छाटतो. मग सूर कसा उगवावा, किती टिकावा, कसा मावळावा हे ठरवणारा तिसरा भाग येतो, ज्याला एन्व्हलप म्हणतात. हे सगळे भाग आतून जोडलेले असतात, पण वादकाला वायरी खोचून ती जोडणी बदलता येते. यंत्राला स्मरणशक्ती नाही. एक आवाज बनवला आणि सरकपट्ट्या हलवल्या की तो गेला, पुन्हा हवा असेल तर पुन्हा हाताने जुळवा. एका वेळी मुळात एकच सूर निघतो. ही शेवटची मर्यादा झाविनुलला मानवली असे मला वाटते, कारण गळ्यातूनही एका वेळी एकच सूर निघतो. शिवाय यात सूर एका पट्टीवरून दुसरीवर घसरत नेता येतो. पेटीला मींड येत नाही हा आपल्याकडचा जुना आक्षेप. त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीवर बंदी घातली होती. आर्पच्या पट्ट्यांना मींड येत होती. ती कधी, किती आणि कुठे थांबवायची याचा विवेक मात्र वादकाचा, आणि तो झाविनुलकडे भरपूर होता.

त्याचा एक प्रयोग तर विलक्षण आहे. आर्पच्या पट्ट्या दाबल्या की प्रत्यक्षात विजेचा दाब बदलतो. एक सप्तक वर गेले की एक व्होल्ट वाढतो. झाविनुलने हा दाब उलटा करून घेतला. आता उजवीकडे गेले की सूर खाली उतरे आणि डावीकडे गेले की वर चढे. चाळिशी ओलांडलेला, निष्णात हाताचा वादक स्वतःहून आपल्या बोटांची सवय मोडून टाकतो आणि नवशिक्यासारखा धून शोधत बसतो. १९७६ च्या ‘ब्लॅक मार्केट’ची शीर्षकधून या उलट्या पट्ट्यांवरची आहे. ती ऐकताना तिच्यातल्या उड्या कुठल्याच ओळखीच्या वळणाच्या का नाहीत, हे या माहितीमुळे उलगडते.

त्याच सुमारास टॉम ओबरहाइम यांचा एका वेळी अनेक सूर देणारा सिंथेसायझर त्याच्या हाती आला. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र छोटा सिंथेसायझर होता आणि प्रत्येकाची जुळणी वेगळी करावी लागे. चार आवाज कधीच तंतोतंत सारखे जुळत नसत. या किंचित फरकामुळेच त्यातून समूहगानासारखा भरदार नाद निघे. १९७७ च्या ‘हेवी वेदर’वर आर्प आणि ओबरहाइम एकत्र आले, आणि जोडीला होता जॅको पॅस्टोरियस, बेस गिटारचा व्याकरणग्रंथ नव्याने लिहिणारा तरुण. ‘बर्डलँड’ ही त्या अल्बममधली झाविनुलची रचना. बर्डलँड म्हणजे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये चाललेला जॅझ क्लब. अमेरिकेत उतरल्यावर झाविनुल तिथे रोज ओढला जाई, आणि त्याची पत्नी मॅक्सीनही त्याला तिथेच भेटली. सुरुवातीचा खर्जातला ठेका बेस गिटारचा वाटतो, पण तो सिंथेसायझरचा आहे. उलट त्यावर येणारी उंच धून जॅकोने बेसच्या तारांवर हलके बोट ठेवून काढलेल्या उपस्वरांची आहे. दोघांनी जागा बदलल्या आहेत! नंतर सगळे मिळून जो उत्सव होतो, त्यात काउंट बेसीच्या मोठ्या बँडचे ब्रास ऐकू येते, आणि ते चार-पाच माणसे उभे करतात. मॅनहॅटन ट्रान्सफर या गायकवृंदाने आणि पुढे क्विन्सी जोन्सने हीच रचना केली, दोघांनाही ग्रॅमी मिळाले.

१९७८ च्या ‘मिस्टर गॉन’ला ‘डाउनबीट’ मासिकाने एकच तारा दिला. तो निकाल कठोर होता, पण अगदी निराधार नव्हता. त्या अल्बममध्ये यंत्रे माणसांवर कुरघोडी करतात. पुढच्याच वर्षीच्या ‘८:३०’ या मुख्यतः मैफलीतल्या अल्बमने ती तक्रार दूर केली आणि बँडला ग्रॅमीही मिळवून दिले. जॅको १९८२ मध्ये बाहेर पडला, बँड १९८६ मध्ये थांबला.

झाविनुलचे रचनेचे तंत्र सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या उपजेशी त्याचे जवळचे नाते आहे. तो बसून सुचेल तसे वाजवायचा आणि टेप चालू ठेवायचा. मग ते वाजवलेले स्वरन्‌स्वर कागदावर उतरवायचा आणि बँडला तेच द्यायचा. उत्स्फूर्तपणे आलेली चूकसुद्धा त्यात राही. म्हणून त्याच्या लिहिलेल्या धुनी लिहिल्यासारख्या वाटत नाहीत.

पुढे ‘झाविनुल सिंडिकेट’मधून त्याने आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका अशा सगळीकडच्या वादकांना गोळा केले. मालीचा गायक सलिफ केइता याच्या ‘आमेन’ची निर्मिती त्याने १९९१ मध्ये केली. कॉर्ग कंपनीने त्याच्यासाठी फुंकून वाजवायचे ‘पेपे’ नावाचे इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवले. भात्याची हवा तोंडाच्या हवेच्या रूपाने परत आली. आपल्याशी थेट जोडणारा धागाही याच काळातला आहे. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, मुंबईत वाढलेले तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’ या अल्बममध्ये झाविनुल वाजवतो, आणि त्याच अल्बममध्ये शोभाताईंचा आवाजही आहे. एर्डबर्गचा अकॉर्डियनवाला आणि बेळगावात जन्मलेली ठुमरीची गायिका एका रेकॉर्डवर असणे मला फार मोलाचे वाटते. दोघांनीही लोकसंगीताचा हात कधी सोडला नव्हता.

१९९८ मध्ये ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेन या नाझी छळछावणीच्या दगडाच्या खाणीत त्याने एक ध्वनिरचना सादर केली. जिथे कैद्यांना दगड वाहायला लावून मारले, तिथेच. आयुष्यभर नाचवणारे संगीत करणाऱ्या माणसाने आपल्या देशाच्या इतिहासाकडे पाठ फिरवली नाही, यामुळे त्याच्याविषयीचा माझा आदर दुणावतो.

११ सप्टेंबर २००७ रोजी व्हिएन्नातच कर्करोगाने त्याचे निधन झाले. काही आठवडे आधीपर्यंत तो मंचावर होता. त्या शेवटच्या दौऱ्यातला ‘७५’ हा अल्बम नंतर निघाला. त्यात वेन शॉर्टर पाहुणा म्हणून येतो आणि दोघे ‘इन अ सायलेंट वे’ वाजवतात. या अल्बमला २०१० मध्ये ग्रॅमी मिळाले.

वाचकांना विनंती अशी की पुढच्या लेखांकाआधी ‘मर्सी, मर्सी, मर्सी’, ‘ब्लॅक मार्केट’ आणि ‘बर्डलँड’ याच क्रमाने ऐकाव्यात, शक्यतो चांगल्या हेडफोनवर, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून आर्पचा खर्ज ऐकूच येत नाही. पुढच्या आठवड्यात मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रातला यान हॅमर, ज्याने मिनीमूगवर इलेक्ट्रिक गिटारशी बरोबरीची झुंज दिली.